कृष्णवर्णीयांचा इतिहास, लोककथा आणि मराठी कथनसाहित्य

कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि आफ्रिकी लोककथा यांची गुंफण करणारे प्रायोगिक कथासाहित्य हा विसाव्या शतकातील जागतिक साहित्याचा एक महत्त्वाचा प्रवाह आहे. गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या माणसांनी स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी फार थोड्या आहेत. त्यांच्याविषयीची बहुतेक कागदपत्रे मालक, व्यापारी, सरकारी अधिकारी व दरबारी इतिहासकार यांनी लिहिलेली आहेत. त्यामुळे या प्रवाहातील लेखकांनी लोककथा, गाणी, दैवते आणि भुताखेतांच्या समजुती यांना दुसरे दप्तर मानले आणि त्यातून इतिहास सांगण्याचे निरनिराळे मार्ग शोधले.

मराठीत ही पद्धत निराळ्या वाटेने, परंतु बरीच आधी आढळते. जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' (1873) हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तीचे स्मरण करतो आणि मराठी लोकदैवतांच्या आधारे पराभूतांचा इतिहास मांडतो. पुढे दलित साहित्याने कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी जाणीवपूर्वक नाते जोडले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. येथे मलिक अंबर याच्यासारख्या आफ्रिकी पुरुषाचा इतिहास घडला आणि जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात भटक्या जमातींची मौखिक परंपरा आजही जिवंत आहे.

संज्ञा

जुन्या मराठी ग्रंथांत 'निग्रो' किंवा 'नीग्रो' हा शब्द सर्रास आढळतो. आता तो अवमानकारक मानला जातो. त्याऐवजी 'कृष्णवर्णीय' अथवा अमेरिकेपुरते 'आफ्रिकी-अमेरिकी' असे शब्द वापरले जातात. भारतात आलेल्या आफ्रिकी लोकांना 'हबशी' व 'सिद्दी' म्हटले जाते. यांपैकी 'हबशी' हा शब्द 'हबश' या इथिओपिया परिसराच्या अरबी नावावरून आला आहे.

जागतिक पार्श्वभूमी

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी माणसांना अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी जहाजांवर चढवण्यात आले. जहाजांच्या नोंदींत त्यांची संख्या आहे, परंतु त्यांची नावे क्वचितच आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवण्यास कायद्याने बंदी होती. आठवण जपण्याचे साधन म्हणून त्यांच्याकडे गोष्ट व गाणे एवढेच उरले.

या गोष्टी आफ्रिकेतून आल्या आणि नव्या भूमीत बदलल्या. घाना येथील आकान लोकांचा अनान्सी हा कोळी जमैकात पोचला. बळाने दुबळा, पण बुद्धीने वाघालाही चकवणारा असा तो नायक आहे. भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून निसटणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकलेल्या मराठी वाचकास हा स्वभाव ओळखीचा वाटेल. दुसरी प्रसिद्ध कथा उडणाऱ्या आफ्रिकींची आहे. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर 1803 साली इग्बो बंदिवानांनी गुलामी नाकारून पाण्यात शिरून मरण पत्करल्याची घटना घडली. लोकस्मृतीत ते बुडाले नाहीत, तर पंख फुटल्यासारखे उडून आफ्रिकेस परतले. घटना मृत्यूची असली, तरी कथेने तिचे रूपांतर सुटकेत केले. या साहित्यप्रवाहाचा गाभा या रूपांतरात आहे.

चार्ल्स चेस्नट यांच्या 'द कॉन्जर वुमन' (1899) या कथासंग्रहात याचे आरंभीचे रूप दिसते. त्यातील एका कथेत सतत दुसरीकडे कामाला पाठवल्या जाणाऱ्या गुलामास त्याची बायको मंत्राने झाड करून टाकते. पुढे मालक ते झाड तोडून त्याच्या फळ्या करवतो. जादूची ही गोष्ट वरवर गमतीची असली, तरी माणसाला माल मानणाऱ्या व्यवस्थेचे वर्णन तिच्यात आहे. मानवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या झोरा नील हर्स्टन यांनी फ्लोरिडा व लुइझियाना येथील लोककथा स्वतः फिरून गोळा केल्या आणि 'म्यूल्स अँड मेन' (1935) या ग्रंथात प्रसिद्ध केल्या. नायजेरियाचे आमोस टुटुओला यांनी 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' (1952) या कादंबरीत योरुबा लोककथांना आधुनिक गद्याचे रूप दिले.

प्रायोगिक कथनाची लक्षणे

या प्रवाहातील कादंबऱ्यांत काही समान लक्षणे दिसतात.

पहिले लक्षण काळाची सरमिसळ हे आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड' (1979) या कादंबरीत 1976 मधील एक कृष्णवर्णीय स्त्री वारंवार गुलामीच्या काळात ओढली जाते.

दुसरे लक्षण कागदपत्रांचे अनुकरण हे होय. इश्माएल रीड यांच्या 'मम्बो जम्बो' (1972) या कादंबरीत छायाचित्रे, तळटीपा आणि ग्रंथसूचीही आहे. विद्वत्तेचे हे सारे अवडंबर हैतीच्या वुडू दैवतांच्या कथेसाठी वापरून लेखकाने अधिकृत इतिहासलेखनाचीच थट्टा केली आहे.

तिसरे लक्षण म्हणजे लोककथेला पुराव्याचा दर्जा देणे. टोनी मॉरिसन यांच्या 'साँग ऑफ सॉलोमन' (1977) या कादंबरीचा नायक सोन्याच्या शोधात व्हर्जिनियातील एका खेड्यात जातो. तेथे मुले खेळताना जे गाणे म्हणतात, त्यात आपल्या पणजोबाचे नाव व त्याच्या उड्डाणाची हकिकत असल्याचे त्यास कळते. कुटुंबाचा जो इतिहास कोणत्याही कार्यालयात नव्हता, तो मुलांच्या खेळात टिकून राहिलेला असतो. मॉरिसन यांच्याच 'बिलव्हेड' (1987) या कादंबरीस 1856 मधील मार्गारेट गार्नर या स्त्रीच्या प्रकरणाचा आधार आहे. केंटकीतून पळालेल्या गार्नरने, पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून, आपल्या मुलीस ठार केले होते. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण छापले. कादंबरीत मात्र मेलेली मुलगीच परत येऊन जाब मागते. मॉरिसन यांना 1993 साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अहमदनगर आणि हबशी इतिहास

आफ्रिकी माणसांची गुलामी केवळ अटलांटिकपुरती मर्यादित नव्हती. हिंदी महासागरातूनही शतकानुशतके माणसांची विक्री होत होती आणि दख्खनच्या सुलतानशाह्यांत हबशी सैनिकांना मोठी मागणी होती. मलिक अंबर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय.

इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. लहानपणी त्याची विक्री झाली आणि अरबस्तान व बगदाद येथील बाजारांतून तो अनेक हातांत गेला. 'अंबर' हे नाव त्याला एका मालकाने दिले. 1570 च्या दशकाच्या आरंभी निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एकेकाळी गुलाम असलेला हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. विजापूरच्या सेवेत त्यास 'मलिक' ही पदवी मिळाली. पुढे तो निजामशाहीत परतला. 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर त्याने परांडा येथे दुसऱ्या मुर्तझा निजामशहास गादीवर बसवले आणि पुढील सुमारे पाव शतक राज्याची सूत्रे सांभाळली. 1610 साली त्याने खडकी (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर वसवले. तेथील पाणीपुरवठ्याची नहर आणि जमीन महसुलाची पद्धत यांमुळेही त्याचे नाव राहिले.

1624 साली अहमदनगरजवळील भातवडी (भातोडी) येथे अंबरने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीची वाट चिखलात अडवल्याचे वर्णन आढळते. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी येथे मारले गेले. 1626 साली अंबरचे निधन झाले. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.

या चरित्राची साधने पाहिली असता वर उल्लेखिलेली अडचण येथेही दिसते. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख त्याच्या वर्णावरून हिणवून केला आहे. अबुल हसन या चित्रकाराने 1616 च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर बाण मारताना दाखवला आहे. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूके याने 1617 साली त्याची भेट घेऊन त्याच्या चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन लिहिले. कवींद्र परमानंद याच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे. परंतु यांपैकी कोणतेही साधन चापू या मुलास स्वतःच्या भाषेत काय आठवत होते, हे सांगत नाही. त्याने ऐकलेल्या गोष्टी व गाणी दप्तरात आलेली नाहीत. कादंबरीकारासमोर आव्हान असते ते येथे.

हबशांच्या इतर वंशजांत मात्र आफ्रिकी लोकपरंपरेचे अवशेष टिकले आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर व हल्याळ परिसरातील सिद्दी कोकणी बोलतात आणि त्यांच्या बोलीत मराठी व कानडी शब्दांचा भरणा आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यातून पळून आलेले गुलाम हे त्यांच्या पूर्वजांपैकी असल्याचे मानले जाते. पूर्वजांची पूजा आणि 'डमामी' हे ढोलाच्या साथीचे गायन-नृत्य त्यांनी जपले आहे. गुजरातमधील सिद्दींच्या 'गोमा' या नृत्याचे नाव पूर्व आफ्रिकेतील 'न्गोमा' (ढोल, नृत्य) या शब्दाशी जोडले जाते.

'गुलामगिरी' (1873): मराठीतील आरंभबिंदू

अमेरिकेत 1865 साली घटनादुरुस्तीने गुलामी रद्द झाली. त्यानंतर आठ वर्षांनी फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी निःस्वार्थपणे त्याग केला, त्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस ते अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त झाली आहे.

फुले यांच्यापर्यंत अमेरिकेचे वर्तमान पोचण्यास मिशनरींचा संपर्क हे एक साधन होते. अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर हे 1831 पासून प्रमुख केंद्र होते. तेथील सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेचा फुले यांच्यावर प्रभाव पडला. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षणही फरार यांच्याकडे घेतले.

'गुलामगिरी' ही कादंबरी नाही. तथापि तिची रचना त्या काळच्या ग्रंथांहून वेगळी आहे. धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादातून सोळा भागांत विषय उलगडतो. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन व परशुराम हे अवतार ईश्वराचे मानण्याऐवजी फुले त्यांना बाहेरून आलेल्या टोळ्यांचे नायक ठरवतात. पराभूत पक्षाचा राजा बळी हा या कथनाचा नायक आहे. खंडोबा, जोतीबा, भैरोबा व म्हसोबा ही गावोगावची दैवते बळीच्या राज्यातील अधिकारी होती, असे ते मांडतात. म्हसोबा हे नाव ते 'महासुभा' या शब्दापासून काढतात. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य पुन्हा यावे अशी जी इच्छा बाया बोलून दाखवतात, ती त्यांच्या मते हरवलेल्या राज्याची आठवण आहे.

ग्रंथात चिरंजीव मानल्या गेलेल्या परशुरामास उद्देशून एक पत्रही आहे. तो खरोखर चिरंजीव असेल, तर त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी नोटिशीसारखी तंबी त्यात दिली आहे. पुराणकथेस सरकारी कागदाच्या भाषेत जाब विचारण्याची ही रीत 'मम्बो जम्बो'च्या सुमारे शंभर वर्षे आधीची आहे. रीड यांनी तळटीपांतून जे साधले, ते फुले यांनी पत्रातून साधले. लोकस्मृतीत दडलेली बाजू पुढे आणणे आणि अधिकृत कथेची प्रतिष्ठा काढून घेणे, हे दोघांचेही उद्दिष्ट आहे.

दलित साहित्य आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1946 साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागितली होती. ड्यू बॉइस यांनी त्यास सहानुभूतीचे उत्तर दिले. 1960 च्या दशकात औरंगाबादच्या नागसेनवन परिसरातून ही देवाणघेवाण साहित्यात आली. अमेरिकेत शिक्षण घेतलेले म. ना. वानखडे यांनी कृष्णवर्णीय लेखकांकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' नियतकालिकाने चर्चेस व्यासपीठ दिले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा मराठीत सविस्तर परिचय करून दिला. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'दलित पँथर' संघटनेने आपले नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर' पक्षावरून घेतले.

कथासाहित्यात लोकसमजूत व इतिहास यांची गुंफण याआधीच सुरू झाली होती. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (1959) या कादंबरीचा आरंभ जोगणीच्या प्रथेने होतो. दुसऱ्या गावाची जोगणी आणली की जत्रेचा मान आपल्या गावास मिळतो, अशी ही समजूत आहे. ती आणताना फकिराचा बाप राणोजी मारला जातो. पुढे दुष्काळ, इंग्रजी सत्ता व मांग समाजावरील जाच यांविरुद्ध फकिराचे बंड उभे राहते. सरकारी कागदांत असा माणूस दरोडेखोर असतो. साठे यांनी गावाच्या आठवणीतला फकिरा उभा केला. ही कादंबरी डॉ. आंबेडकर यांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे.

मढी: मौखिक परंपरेचे केंद्र

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे नाथपंथातील कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत येथे यात्रा भरते आणि राज्यभरातून भटक्या जमातींचे लोक येतात. यात्रेतील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. अनेक जमातींच्या जातपंचायतीही पूर्वी येथे भरत असत. नवनाथांच्या कथा, नवस, मानपान आणि न्यायनिवाड्याच्या हकिकती यांतून या समाजांची स्मृती पिढ्यानपिढ्या पुढे गेली.

या जमातींपैकी अनेकांवर ब्रिटिश सरकारने कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यामुळे लेखी दप्तरात त्यांची ओळख प्रामुख्याने पोलिसांच्या नोंदींतून उरली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) या आत्मकथनांनी ही बाजू प्रथमच आतून सांगितली. दोन्ही पुस्तकांस साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आत्मकथन हे अनुभवाच्या आधारे चालते आणि त्याची पोच लेखकाच्या आयुष्याएवढी असते. त्यामागील शतकांपर्यंत जाण्यासाठी लोककथेचा आधार घ्यावा लागतो. कृष्णवर्णीय कादंबरीकारांनी जो मार्ग धरला, त्याचे महत्त्व मराठी अभ्यासकांस येथे जाणवते.

आक्षेप आणि मर्यादा

लोककथा हा इतिहासाचा पुरावा मानण्यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. फुले यांच्या अनेक व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत. त्यांचे कथन आर्यांच्या आक्रमणाच्या तत्कालीन सिद्धान्तावर उभे आहे. पुढे आंबेडकर यांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात असल्याचे मत नाकारले. त्यामुळे जात व वर्णवंश यांची तुलना करताना सावधगिरी आवश्यक ठरते. अमेरिकेतील गुलामी कायद्याने निर्माण केलेली व कायद्याने रद्द झालेली संस्था होती. जातीस धर्मशास्त्र, व्यवसाय व विवाहसंबंध यांचा निराळा आधार आहे. शिवाय हबशी सरदारांच्या हाती सत्ताही आली, याचे उदाहरण मलिक अंबर व जंजिऱ्याचे सिद्दी हे आहेत.

दुसरा आक्षेप लोककथेच्या वापराविषयी आहे. ती गोळा करणारा व लिहिणारा बाहेरचा असेल, तर तिचा अर्थ बदलतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या सशाच्या गोष्टी 1880 च्या सुमारास जोएल चँडलर हॅरिस या गौरवर्णीय पत्रकाराने लोकप्रिय केल्या. परंतु त्यांचा निवेदक त्याने मालकाशी एकनिष्ठ असलेला वृद्ध नोकर असा रंगवला. चेस्नट यांनी अशाच निवेदकाच्या तोंडी गुलामीची क्रूरता घालून त्यास उत्तर दिले. लोककथा कोण सांगतो, हा प्रश्न मढीच्या यात्रेतील कथांनाही तितकाच लागू पडतो.

कथनाला पुराव्याची जागा घेता येत नाही, हे मान्य केले तरी त्याचे कार्य वेगळे आहे. दप्तरात नाव नसलेल्या माणसाने काय भोगले, याची कल्पना वाचकास करून देणे आणि ते दप्तर कोणी लिहिले याची आठवण ठेवणे, हे ते कार्य होय. बळीराजाच्या ओवाळणीचा जो अर्थ फुले यांनी लावला, तो भाषाशास्त्रास मान्य नसला, तरी त्यामुळे मराठी वाचक त्या ओवाळणीकडे नव्याने पाहू लागला. 'साँग ऑफ सॉलोमन'मधील मुलांच्या गाण्यानेही तेच केले आहे.